जव्हार-मोखाड्यात शिकवायला येणाऱ्या परदेशस्थ विशेष शिक्षकांसाठी

न्यू जर्सी, लंडन, सिंगापूर, मेलबर्न अशा ठिकाणी विशेष शिक्षक म्हणून काम करणारी मराठी माणसं आज बरीच आहेत. हातात पदवी असते, अनुभव असतो, उन्हाळ्यात मोठी सुट्टी मिळते, आणि आपल्याकडच्या दुर्गम भागातल्या दिव्यांग मुलांसाठी काही आठवडे द्यावेत असं मनापासून वाटतं. कुठे जावं असं विचारलं की पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांची नावं हमखास पुढे येतात. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सगळा महाराष्ट्र हादरला होता, तेव्हापासून ही नावं शहरी माणसाच्या लक्षात राहिली आहेत. यायची इच्छा चांगलीच आहे. मात्र येण्याआधी काही गोष्टी जुळवल्या नाहीत, तर महिना बघता बघता निघून जातो आणि ज्या मुलासाठी आलो त्याच्या आयुष्यात काहीच बदलत नाही. हा लेख त्या जुळवाजुळवीसाठी आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. इथे तुम्ही मुलाला शिकवायला येत असलात, तरी तुमचा बराचसा वेळ त्याच्याभोवतीच्या मोठ्या माणसांसाठी जायला हवा: आई, आजी, अंगणवाडीताई, वर्गशिक्षक आणि तालुक्याचा विशेष शिक्षक. तुम्ही गेल्यावर हीच माणसं मुलाजवळ असणार आहेत. चार आठवड्यांत एखाद्या मुलाला दहा नवे शब्द आले आणि ते कसे शिकवले हे घरात कुणालाच कळलं नाही, तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते शब्द राहत नाहीत.

कधी यायचं

अमेरिका-युरोपची उन्हाळी सुट्टी म्हणजे इथला ऐन पावसाळा. बरेच जण त्यामुळे बिचकतात आणि डिसेंबरची तिकिटं काढतात. माझा सल्ला उलटा आहे. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि तेव्हापासून दिवाळीपर्यंत कुटुंबं पाड्यावर असतात. भात, नागली, वरईची शेती याच दिवसांत होते. दिवाळी झाली की वारली, कातकरी, कोकणा, ठाकूर कुटुंबांतली अनेक माणसं भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघून जातात. होळीला बरेच जण गावी येतात, सण झाला की पुन्हा कामावर जातात. शाळेत जाणाऱ्या मुलाची सोय हंगामी वसतिगृहात किंवा आश्रमशाळेत लागू शकते. चालता न येणाऱ्या मुलाला मात्र आईच्या कडेवरून भट्टीवर जावं लागतं, नाहीतर म्हाताऱ्या आजीजवळ मागे राहावं लागतं. डिसेंबरमध्ये तुम्ही घरभेटीला गेलात तर पुष्कळ दारांना कुलूप दिसेल. निवासी शाळेतच काम करायचं असेल, तर हिवाळा ठीक.

पावसाळ्यात अडचणी आहेत. जुलैमध्ये भाताची आवणी चालू असते, सगळं घर पहाटेपासून चिखलात उभं असतं. त्या दिवसांत दुपारी अकराची घरभेट ठरवू नका. संध्याकाळी जा, किंवा सरळ बांधावर जा. लहान मूल बहुधा तिथेच झाडाखाली किंवा मांडवात ठेवलेलं असतं. ओढ्याला पाणी आलं की काही पाड्यांची वाट बंद होते, तेव्हा आठवड्याच्या आखणीत एक-दोन मोकळे दिवस धरूनच चला. नाजूक बूट नकोत, साधे गमबूट घ्या. टॉर्च जवळ बाळगा, पाणी उकळून प्या. साप चावला तर कुणाचाही घरगुती उपाय न करता थेट सरकारी रुग्णालय गाठा. जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय.

पोहोचायला रस्ते तीन. मुंबईहून मनोर-विक्रमगडमार्गे जव्हार, कसाऱ्याला रेल्वेतून उतरून खोडाळ्यावरून मोखाडा, आणि नाशिकहून त्र्यंबकमार्गे. एसटी आणि वडापच्या जीपा आहेत. मुक्काम जव्हार गावात किंवा संस्थेच्या निवासात करावा. मुलांच्या वसतिगृहात राहू नका, संस्थेने आग्रह केला तरी.

कागदपत्रं आणि परवानग्या

भारतीय पासपोर्ट असेल तर प्रश्नच नाही. परदेशी पासपोर्ट असेल, तर पर्यटक व्हिसावर बिनपगारी, जास्तीत जास्त एक महिन्याचं स्वयंसेवी काम करता येतं. त्याहून जास्त राहायचं असेल तर संस्थेच्या पत्रावर वेगळ्या प्रकारचा व्हिसा काढावा लागतो. नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी वकिलातीकडून खात्री करून घ्या. ओसीआय कार्ड असणाऱ्यांना व्हिसा लागत नाही, पण त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार संशोधनासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागते. प्रबंधासाठी माहिती गोळा करण्याचा हेतू असेल, तर ते स्वयंसेवेच्या नावाखाली करू नका.

दुसरी गोष्ट व्यवसायाची. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्यानुसार इथे विशेष शिक्षकाला परिषदेकडे नोंदणी लागते. तुमचा परदेशी परवाना तिथे कितीही वजनदार असला, तरी इथे तुम्ही नोंदणीकृत विशेष शिक्षकाच्या सोबतीने काम करायचं. मूल्यमापनाच्या अहवालावर सही करायची नाही, मुलाला अमुक टक्के अपंगत्व आहे असं पालकांना सांगायचं नाही. ते प्रमाणपत्र अधिकृत वैद्यकीय यंत्रणाच देते.

जिल्हा परिषदेच्या शाळेत जायचं तर गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र हवं, आश्रमशाळेत जायचं तर एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या जव्हार कार्यालयाचं. पत्रासाठी येण्याआधी दोन-तीन महिने सुरुवात करावी आणि ते काम इथल्या संस्थेमार्फत व्हावं. तुमच्याकडून पोलिस पडताळणीचा दाखला मागितला तर राग मानू नका. न मागणाऱ्या संस्थेबद्दल मात्र जरा विचार करा. पॉक्सो कायद्यानुसार, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं, तर ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, पाहुण्या शिक्षकावरही. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक फोनमध्ये ठेवा.

संस्था निवडताना एकच गोष्ट बघा: तुम्ही नसताना ती संस्था त्या मुलांसोबत काय करते. जव्हारला प्रगती प्रतिष्ठान ही संस्था १९७२ पासून आहे. वसंतराव आणि सुनंदाताई पटवर्धन यांनी उभी केलेली ही संस्था कर्णबधिर मुलांसाठी निवासी शाळा चालवते. मोखाड्यात टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झालेली आरोहण ही संस्था आरोग्य, शेती, शिक्षण या अंगांनी गावागावात काम करते. शेजारच्या वाडा तालुक्यात सोनाळे इथे नीलेश निमकर यांची क्वेस्ट ही संस्था आहे. ती खास दिव्यांगांसाठी नसली, तरी आदिवासी मुलांच्या भाषेचं आणि वाचनाचं तिचं काम तुम्ही बघितलंच पाहिजे. पैसे भरून स्वयंसेवेचा अनुभव विकणाऱ्या मध्यस्थांपासून मात्र लांब राहा.

आणि सर्वात आधी भेटायचं ते तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना. समग्र शिक्षा अभियानाखाली ही मंडळी मोटरसायकलवरून पाड्यापाड्यांत फिरतात आणि कुठल्या घरात कोणतं मूल आहे हे त्यांना तोंडपाठ असतं. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढच्या वर्गांत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असं सांगितलं. डोंगराळ तालुक्यात विखुरलेल्या पाड्यांवर हे प्रमाण गाठणं किती अवघड आहे, ते त्यांच्यामागे गाडीवर बसून एक दिवस फिरलात की कळेल. त्यांच्या कामात भर घाला, त्यांच्या समोर नवा प्रकल्प उभा करू नका.

मुलाला ‘मंद’ ठरवण्याआधी

इथे येणारा पाहुणा शिक्षक सगळ्यात जास्त चुकतो ते इथे, म्हणून थोडं सविस्तर.

पहिलीच्या वर्गात एक मूल गप्प बसलेलं आहे. नाव विचारलं तर मान खाली. पुस्तकातलं चित्र दाखवलं तर बोलत नाही. तुमच्या डोक्यात लगेच तीन-चार निदानं येतील. जरा थांबा. त्या मुलाच्या घरी वारली, कोकणा किंवा कातकरी बोली बोलली जाते आणि पुस्तकातली मराठी त्याने शाळेत आल्यावर पहिल्यांदा ऐकलेली असते. तोच प्रश्न त्याच्या मोठ्या बहिणीला त्याच्या बोलीत विचारायला सांगा. मग शाळेच्या बाहेर त्याच्याबरोबर फिरा. शेळ्या किती निघाल्या आणि किती परतल्या याचा हिशोब तो ठेवतो का, ओढ्यातला खेकडा धरताना नांगी कुठून पकडायची हे त्याला ठाऊक आहे का, घरातलं लहान भावंड तो सांभाळतो का. वाहतुकीचे दिवे ओळखतो का आणि मायक्रोवेव्ह लावतो का असं विचारणाऱ्या तुमच्या प्रश्नावल्यांपेक्षा ही माहिती कितीतरी खरी असते.

त्यानंतर कान. वाहणारा कान इथे फार दिसतो आणि ‘पोराचा कान फुटलाय, होईल बरा’ म्हणून तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. अर्धवट ऐकू येणारं मूल अर्धवटच बोलतं आणि वर्गात मागे पडतं. आधी डॉक्टरांकडून कान तपासून घ्या, मगच बोलण्याचा विचार. मग डोळे. मग पोट: रक्त कमी असलेलं, उपाशी मूल लक्ष देत नाही यात नवल काय? आणि सिकलसेल. पालघरच्या आदिवासी भागात हा आजार आहे आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत त्याचा समावेश आहे. महिन्यातून चार दिवस सांधे दुखतात म्हणून गैरहजर राहणारं, थंडीत कोपऱ्यात आखडून बसणारं मूल आळशी ठरवलं जातं. त्याला पाणी पुरेसं प्यायला द्यावं, पावसात भिजू देऊ नये आणि दुखायला लागलं तर लगेच दवाखान्यात न्यावं, एवढं वर्गशिक्षकाला समजावून सांगितलं तरी मोठं काम झालं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. पथकाची तारीख विचारून घ्या आणि तुम्हाला शंका असलेली मुलं त्या दिवशी हजर राहतील हे बघा.

भगताकडे जाणाऱ्या आईला नावं ठेवू नका. तिने मुलासाठी जे शक्य होतं ते केलेलं आहे. ‘तिकडेही जा, पण दवाखान्याचं औषध थांबवू नका’ एवढंच म्हणा.

घास भरवण्याचं एक उदाहरण

सेरेब्रल पाल्सी असलेलं चार वर्षांचं मूल. आई चुलीजवळ बसलेली, मूल मांडीवर आडवं, मान मागे पडलेली. ती नागलीची पातळ पेज चमच्याने वरून तोंडात सोडते. मूल ठसकतं, अर्धी पेज गालावरून ओघळते, आई पदराने पुसते आणि पुन्हा चमचा भरते. एका वाटीला पाऊण तास लागतो, आणि शेतावर जायची वेळ झालेली असते म्हणून वाटी बरेचदा तशीच राहते. छातीत कफ, वारंवार ताप, वजन वाढत नाही, याचं मूळ पुष्कळदा या मांडीवरच्या आडव्या घासात असतं.

इथे तुमचं शिक्षण खरोखर कामाला येतं. मुलाला भिंतीच्या कोपऱ्यात बसतं करा, दोन बाजूंना भाताच्या तुसाने भरलेली पोती लावा, पाय लोंबकळू न देता खाली काहीतरी टेकू द्या. हनुवटी किंचित छातीकडे. पेज थोडी घट्ट करा, म्हणजे ती घशाकडे एकदम घसरणार नाही. चमचा समोरून, ओठांच्या खालच्या पातळीवरून आणा, आणि एक घास गिळल्याशिवाय दुसरा नको. जेवणानंतर अर्धा तास मुलाला बसतंच ठेवा. तुम्ही एकदा करून दाखवा आणि लगेच चमचा आईच्या हातात द्या. ती करत असताना तुमचे हात मागे ठेवा. दुसऱ्या दिवशी आजीला शिकवा, कारण दिवसा घरी आजीच असते. चमचा तोंडाजवळ नेल्यावर मूल सारखं गुदमरत असेल, ओठ निळे पडत असतील, तर हा प्रयोग थांबवून डॉक्टरांकडे न्या.

बसायच्या खुर्चीसाठी परदेशातून काही आणू नका. या भागात बांबूकाम येणारी माणसं आहेत. माप घेऊन कोपरा-खुर्ची, चालायला शिकण्यासाठी दोन समांतर बांबू, दारात हाताला आधार देणारी आडवी काठी, हे सगळं दोन दिवसांत तयार होतं आणि मोडलं तर गावातच दुरुस्त होतं. बाहेरून आलेली चकचकीत चाकाची खुर्ची चढउताराच्या पायवाटेवर आणि उंबरठ्यावर अडते आणि मग तिच्यावर कपडे वाळत पडतात.

खुणा, ब्रेल आणि चित्रं

कर्णबधिर मुलांसोबत काम करणाऱ्यांनी अमेरिकन खुणांची भाषा घरी ठेवून यावी. भारतीय खुणांची भाषा वेगळी आहे. अमेरिकन मुळाक्षरं एका हाताने दाखवतात, भारतीय पद्धतीत इंग्रजी मुळाक्षरांना दोन्ही हात लागतात. आधीच घरातल्या खुणा, शाळेतल्या खुणा आणि ओठवाचन यांत गोंधळलेल्या मुलाला चौथी पद्धत देऊ नका. येण्याआधी मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत जाऊन तिथल्या शिक्षकांशी बोला, भारतीय खुणांचे प्राथमिक पाठ घ्या. ब्रेलचंही असंच. ठिपके सहाच, पण मराठीसाठी भारती ब्रेल वापरतात. इंग्रजी ब्रेलमधले संक्षेप इथे उपयोगाचे नाहीत.

श्रवणयंत्रं सरकारी योजनेतून मिळतात. पण सेल संपले की यंत्र पेटीत जातं, आणि पावसाळ्यातल्या दमटपणात खराब होतं. रात्री यंत्र घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवायची सवय मुलाला आणि वॉर्डनला लावा. कानातला साचा मूल वाढेल तसा लहान पडतो आणि यंत्र शिट्टी मारायला लागतं, मग मूल ते काढून टाकतं. तेव्हा मुलाला ओरडण्याआधी साचा बघा. तुम्हाला काही भेट द्यायचीच असेल, तर शाळेला वर्षभराचे सेल द्या.

टॅब्लेटवरच्या बोलक्या चित्रांचा इथे भरवसा धरता येत नाही, वीज आणि रेंज दोन्ही जातात. इथेच कार्डं बनवा. सफरचंद, बर्फाचा माणूस आणि बाथटब यांची तयार कार्डं आणू नका. विळा, इरलं, टोपली, हंडा, चूल, शेळी, नागलीचं कणीस, एसटी, असे फोटो काढून कार्डावर लावा आणि प्लास्टिकच्या आवरणात घाला. अगदी लहान किंवा जास्त अडचण असलेल्या मुलासाठी चित्रही नको, खरी वस्तूच हातात द्या: वाटी दाखवली म्हणजे जेवण, चप्पल दाखवली म्हणजे बाहेर.

जाताना आणि गेल्यावर

अमेरिकेत १९७५ च्या कायद्यापासून प्रत्येक दिव्यांग मुलाची वैयक्तिक शिक्षण योजना करण्याची पद्धत रुळली आहे आणि तुम्हाला तीस पानी योजना लिहायची सवय असेल. इथे एक शंभर पानी वही पुरते. प्रत्येक मुलाची एक वही, प्लास्टिकच्या पिशवीत, आईजवळ. पहिल्या पानावर मूल काय करू शकतं, दुसऱ्यावर त्याला कसं बसवायचं आणि भरवायचं त्याची रेखाचित्रं, तिसऱ्यावर औषधं आणि कुठल्या डॉक्टरांना दाखवलं ते. पुढे घरी रोज करायच्या फक्त दोन गोष्टी. कुटुंब भट्टीवर गेलं तर वही सोबत जाते आणि भिवंडीतल्या दवाखान्यात दाखवता येते. आई वाचू शकत नसेल तर चित्रं मोठी काढा.

त्याच पिशवीत आधारची प्रत आणि वैश्विक दिव्यांग ओळखपत्र असायला हवं. ज्या घरात हे कार्ड निघालेलं नाही, तिथे तुमच्या महिन्यातला एक दिवस रुग्णालयातल्या तपासणीच्या रांगेत त्या आईसोबत उभं राहण्यासाठी द्या. कार्ड असेल तर एसटीची सवलत मिळते, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येतो, आणि उपचाराला जायचं भाडं परवडतं.

मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका, चेहरा झाकूनही नको. पाडा छोटा असतो, सगळ्यांना सगळं ओळखू येतं.

परत गेल्यावर मदत पाठवायची झाली तर कायदा बघा. भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगी धरत नाहीत. पण परदेशी नागरिक किंवा ओसीआयधारकाची देणगी फक्त एफसीआरए नोंदणी असलेल्या संस्थेलाच, तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या खात्यात घेता येते. शिक्षकाच्या वैयक्तिक खात्यात पैसे टाकून त्याला अडचणीत आणू नका.

पैशापेक्षा फोनची गरज जास्त आहे. तालुक्याच्या विशेष शिक्षकासोबत पंधरा दिवसांतून एकदा ठरलेल्या वेळी बोला. तो त्या पंधरवड्यात भेटलेल्या एका मुलाबद्दल सांगेल, तुम्ही पुढचं पाऊल सुचवा. व्हिडिओ कॉलची रेंज मिळेलच असं नाही, व्हॉट्सॲपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवलेला निरोप बहुतेक वेळा पोहोचतो. पुढच्या वर्षी यायचं असेल तर नवं गाव निवडू नका. त्याच पाड्यावर, त्याच मुलांकडे, शक्यतो त्याच महिन्यात या, म्हणजे मागच्या वर्षीच्या वहीशी ताडून बघता येईल. आणि यायला जमणार नसेल, तर मे महिन्यातच तसं कळवा, म्हणजे शाळा उघडण्याआधी संस्थेला दुसरी सोय करता येईल.